सेंट थॉमसला जहाज लागल्यावर स्थानिक बोटीने सेंट जॉनच्या पुळणीवर: आधीचं गणित आणि त्या दिवसाचा क्रम

कॅरिबियन क्रूझला निघालेली ओळखीतली माणसं मला एकच प्रश्न विचारतात. "जहाज सेंट थॉमसला आठ ते पाच थांबतंय. सेंट जॉनची बोट वीस मिनिटांत पोचते म्हणे. म्हणजे पुळणीवर सहा-सात तास मिळतील ना?"

नाही मिळत. सगळं सुरळीत झालं तर सव्वादोन-अडीच तास मिळतात. वीस मिनिटांची बोट हा या प्रवासातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात भरवशाचा भाग आहे. वेळ जातो तो तिच्या अलीकडे आणि पलीकडे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. लाँच तासाभराची असते, पण दिवस ठरतो तो पलीकडच्या अलिबागच्या बसवर आणि परतीच्या लाँचवर. तीच माणसं क्रूझवर गेली की मात्र हे विसरतात, कारण तिथे सगळं कुणीतरी आखून दिलेलं असतं. स्थानिक बोटीने जायचं ठरवलं की आखणी आपली आणि उशीरही आपलाच. जहाजाकडून विकत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबत नाही.

आधी नावं नीट लावून घ्या

निम्मे घोटाळे नावांतून होतात, म्हणून हे पहिलं. सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधली दोन शेजारची बेटं.

'क्रूझ बे' म्हणजे क्रूझ जहाजं लागतात तो धक्का नव्हे. ते सेंट जॉन बेटावरच्या गावाचं नाव आहे. स्थानिक बोट तिथे उतरवते. परतताना टॅक्सीवाल्याला "क्रूझ बेला सोडा" म्हणालात, तर तो तुम्हाला पुन्हा बोटीकडे नेईल.

जहाजं लागतात ती सेंट थॉमसवर, शार्लट अमाली शहराजवळ, आणि तिथे दोन वेगळे धक्के आहेत: हॅवनसाइट आणि क्राउन बे. हॅवनसाइट शहराच्या पूर्वेला, क्राउन बे पश्चिमेला. आपलं जहाज कुठे लागतंय ते आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपवर बघा आणि कागदावर लिहून ठेवा. परतताना "मोठ्या बोटीकडे" एवढं सांगून चालत नाही. दोन्हीकडे मोठ्या बोटी असतात.

सेंट जॉनची बोट सुटते ती रेड हुकहून. रेड हुक सेंट थॉमसच्या पूर्व टोकाला आहे, म्हणजे दोन्ही धक्क्यांपासून लांब.

'हनीमून बीच' दोन आहेत. एक सेंट जॉनवर, दुसरी सेंट थॉमसजवळच्या वॉटर आयलंड या छोट्या बेटावर. नकाशात नुसतं नाव टाकून मार्ग काढणारे हमखास चुकीच्या बेटाचा मार्ग काढतात. आणि 'सेंट जॉन्स', शेवटी 'स' असलेलं, हे तिसरंच: अँटिग्वाची राजधानी, तिथेही क्रूझ जातात.

टप्पा १: जावं की नाही, हे जहाजावर चढण्यापूर्वी ठरवा

जहाज धक्क्याला लागण्यापासून 'सगळे परत चढा' या वेळेपर्यंत किती तास आहेत ते मोजा. लक्षात घ्या, जहाज सुटण्याची वेळ धरायची नाही. परत चढण्याची वेळ त्याआधी साधारण अर्धा तास असते, आणि आपल्यासाठी तीच शेवटची.

आठ तास किंवा जास्त असतील तर खुशाल जा. सात असतील तर फक्त सडेफटिंग माणसांनी जावं. आजी-आजोबा आणि लहान मूल सोबत असेल तर नको. सातपेक्षा कमी असतील तर सेंट जॉनचा विचार सोडून द्या. तसंच, जहाज धक्क्याला न लागता खाडीत नांगर टाकणार असेल आणि छोट्या होड्यांनी उतरवणार असेल, तर दोन्ही बाजूंचा मिळून निदान एक तास वजा करा.

नाही जमलं तर काय? दोन चांगले पर्याय आहेत.

एक, मॅगन्स बे. सेंट थॉमसच्याच उत्तरेला, टॅक्सीने जाता येतं, मध्ये बोट नाही. लांबच लांब वाळू, शांत पाणी. बोट नाही म्हणजे चुकण्यासारखं एक कमी.

दोन, जहाज क्राउन बेला लागणार असेल तर वॉटर आयलंड. क्राउन बे मरीनाहून छोटी बोट दहाएक मिनिटांत पलीकडे नेते, आणि तिथून एक टेकाड ओलांडून पायी त्या दुसऱ्या हनीमून बीचवर जाता येतं. या बोटीला फेऱ्या कमी असतात, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या फेऱ्यांचा फोटो काढा. माझं प्रामाणिक मत: क्राउन बेला लागलेल्या जहाजावरच्या, गुडघे ठीक असलेल्या मंडळींनी सेंट जॉनचा हट्ट न धरता इकडेच जावं. धावपळ निम्मी होते.

टप्पा २: घड्याळ

व्हर्जिन आयलंड्समध्ये बारा महिने एकच वेळ असते, उन्हाळ्यात काटे पुढे सरकवत नाहीत. बहुधा जहाज जिथून निघतं त्या फ्लोरिडात सरकवतात. त्यामुळे हिवाळ्यात सेंट थॉमस मायामीच्या एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखीच वेळ. आपल्या मंडळींची बहुतेक क्रूझ डिसेंबरच्या सुट्टीत असते, म्हणजे नेमकी तास पुढे असलेल्या दिवसांत.

काही जहाजं आपली घड्याळं स्थानिक वेळेवर आणतात, काही निघाल्या बंदराचीच वेळ चालू ठेवतात. आपलं जहाज कुठली वेळ पाळतंय हे त्याच रात्रीच्या पत्रकात लिहिलेलं असतं. ते वाचणं सक्तीचं समजा.

खरा धोका असा. जहाजाने घड्याळ स्थानिक वेळेवर आणलं, आणि तुमचा फोन रोमिंगच्या भीतीने विमान मोडवरच राहिला. फोन मायामीचीच वेळ दाखवतो. फोनवर साडेतीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. आमच्या गटातल्या एका काकांचं हेच झालं. सुदैवाने पुळणीवरच्या कुणाच्या तरी हातातलं घड्याळ दिसलं म्हणून निभावलं.

तपासणी: उतरण्यापूर्वी जहाजावरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी आपलं मनगटी घड्याळ लावून घ्या. काट्यांचं साधं घड्याळ उत्तम. फोनवर दिवसभर विसंबू नका. सेंट जॉनच्या उत्तर किनाऱ्यावर फोन समोरच्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या मनोऱ्याला जोडला जातो आणि "स्वागत आहे" असा परदेशी रोमिंगचा निरोप येतो. अमेरिकी सिमवाल्यांनाही येतो. पुळणीवर डेटा बंद ठेवा.

टप्पा ३: गणित उलटं मांडा

बहुतेक लोक सकाळपासून पुढे मोजतात. संध्याकाळपासून मागे मोजायचं असतं. उदाहरण घेऊ: जहाज हॅवनसाइटला, सकाळी ८ ला उतरायला परवानगी, परत चढण्याची शेवटची वेळ दुपारी ४:३०, जहाजाची आणि स्थानिक वेळ एकच.

४:३० ला चढायचं, तर धक्क्यावर ३:३० ला हवं. हा एक तास चैनीचा वाटेल. तो चैनीचा नाही, तो वाहतुकीचा आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेचा आहे.

रेड हुक ते हॅवनसाइट टॅक्सीला अर्धा ते पाऊण तास. टॅक्सी भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे रेड हुकला २:३० च्या आत उतरलेलं हवं.

बोट वीस मिनिटांची. म्हणजे क्रूझ बेहून २ ची बोट. दिवसा साधारण तासातासाने बोट असते, त्यामुळे २ ची चुकली तर ३ ची. ती ३:२० ला रेड हुकला, टॅक्सी ३:३५ ला, जहाज ४:१५ ला. काठावर, पण पास. म्हणून २ ची बोट 'आपली' आणि ३ ची 'अडीअडचणीची'. उलट, ३ ची बोट 'आपली' ठरवणाऱ्यांकडे अडचणीसाठी काहीच उरत नाही. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि फसतात ते "अजून अर्धा तास" या तीन शब्दांनी.

२ च्या बोटीसाठी क्रूझ बेच्या धक्क्यावर १:४० ला. सेंट जॉनच्या ट्रंक बे या पुळणीहून गावात यायला दहा-पंधरा मिनिटं आणि टॅक्सी मिळायला तेवढीच. म्हणजे पुळणीवरून १:१० ला उठायचं. कपडे बदलायला आणि पाय धुवायला वेळ हवा असेल तर पाण्यातून १२:४५ ला बाहेर.

आता पुढून मोजा. ८:३० ला जहाजाबाहेर, ९:३० पर्यंत रेड हुक, १० ची बोट, १०:२० ला क्रूझ बे, १०:५० ला वाळूवर पाय. ९ ची बोट मिळाली तर तासभर जास्त, पण त्यासाठी न्याहारी सोडून पहिल्या लोंढ्यात उतरावं लागतं.

एवढं करून पुळणीवर १०:५० ते १:१०. परवडतं का? परवडत असेल तर पुढे वाचा. एका कागदावर तीनच वेळा लिहा: पाण्याबाहेर १२:४५, धक्का १:४०, बोट २:००. तो कागद गटातल्या सगळ्यात कडक माणसाकडे द्या. आमच्याकडे ही जबाबदारी सासूबाईंची असते आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही.

टप्पा ४: पिशवी

पाठीवरची एकच छोटी पिशवी. मोठ्या सामानाचं बोटीवर वेगळं भाडं पडतं, शिवाय ते सांभाळत बसावं लागतं.

जहाजाचं कार्ड आणि सरकारी फोटो ओळखपत्र प्रत्येकाने आपापलं ठेवावं. सगळ्यांची कार्डं एकाच्याच पिशवीत ठेवू नका. गट फुटला की बाकीचे धक्क्याच्या दारात अडकतात. पासपोर्टबद्दल जहाज जे सांगेल ते ऐका. मूळ पासपोर्ट तिजोरीत ठेवायचा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची झेरॉक्स सोबत हवीच.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणखी एक. सेंट थॉमस ही अमेरिकेची हद्द आहे. जहाज त्याआधी दुसऱ्या देशाच्या बंदरावरून आलं असेल, तर अमेरिकी नागरिक नसलेल्यांना उतरण्यापूर्वी जहाजावरच तपासणीसाठी बोलावलं जाऊ शकतं. त्याची वेळ आणि जागा चिठ्ठीवर येते. ती चुकवली तर उतरू देत नाहीत, आणि तुमच्या ८:३० च्या गणिताचे बारा वाजतात. अमेरिकेतल्या मुलांकडे आलेल्या आईवडिलांना ही चिठ्ठी वेगळ्या केबिनमध्ये येते. ती त्यांना कळली का, हे आदल्या रात्री विचारा.

पैसे: सुटे डॉलर. एकच्या आणि पाचच्या नोटा. टॅक्सी आणि बोट या दोन्हींसाठी रोख जवळ असावी. शंभरची नोट पुढे केलीत तर चालक नुसता बघत राहील. एखादं कार्डही ठेवा.

सनस्क्रीन: ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलिन असलेल्या सनस्क्रीनवर इथे २०२० पासून बंदी आहे, कारण ही रसायनं प्रवाळांना मारतात. घरून आणलेल्या बाटलीची मागची बाजू वाचा. झिंक ऑक्साइडवाली चालते. पांढरे फटक दिसाल, दिसू द्या. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सगळ्यांत उत्तम.

खाणं: बुफेतली केळी, सफरचंदं, सँडविच पिशवीत टाकू नका. ताजे पदार्थ जहाजाबाहेर नेऊ देत नाहीत. दुकानातून आणलेला पाकीटबंद कोरडा खाऊ न्या. ट्रंक बेला खाण्याची टपरी आहे, पण शाकाहारी माणसाचं तिथे फार काही भागत नाही. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.

टॉवेल जहाजाचे. हरवले तर पैसे खात्यावर लागतात, तेव्हा निघताना मोजा.

टप्पा ५: जहाज ते रेड हुक

धक्क्याबाहेर टॅक्सीची रांग असते. इथली टॅक्सी म्हणजे बहुतेक वेळा 'सफारी': ट्रकच्या मागे बाकडी, वर छप्पर, बाजू उघड्या. भाडं मीटरने नसून ठिकाणानुसार, माणशी आणि सरकारने ठरवलेलं असतं. एकटा प्रवासी आणि एकत्र जाणारे प्रवासी यांचे दर वेगळे. घासाघीस करू नका. पण बसण्यापूर्वी "रेड हुक फेरी, माणशी किती?" हे विचारून घ्या.

विचारण्याआधी "गुड मॉर्निंग" म्हणा. हे गंमतीने सांगत नाही. या बेटांवर नमस्कार-चमत्कार न करता थेट प्रश्न फेकणं उद्धटपणाचं समजतात. आधी अभिवादन, मग काम. एवढ्या एका गोष्टीने वागणुकीत फरक पडतो.

'रेड हुक' एवढंच नको, 'रेड हुक फेरी' म्हणा. आणि चालकाने "मी थेट सेंट जॉनची पूर्ण दिवसाची सहल करवतो" असं सुचवलं तर ती वेगळी गोष्ट आहे. घ्यायची तर विचार करून घ्या, रांगेत गोंधळून नको.

अशाच दिसणाऱ्या स्वस्त सफारीही रस्त्यावर धावतात. त्यांना लोक 'डॉलर सफारी' म्हणतात. स्थानिक माणसं बसस्टॉपवर हात करून चढतात, एक-दोन डॉलरमध्ये रेड हुकपर्यंत जातात. सकाळी, वेळ असेल तर जरूर बसा, मजा येते. पण ती थांबत थांबत जाते. परतताना तिच्या भरवशावर राहू नका.

इथे वाहनं डाव्या बाजूने चालतात, आपल्यासारखीच. अमेरिकेतून आलेल्या मुलांना मात्र रस्ता ओलांडताना उलट्या बाजूला बघायची सवय असते.

टप्पा ६: बोट

रेड हुकच्या टर्मिनलवर तिकीटखिडकी आहे. एका बाजूचं मोठ्यांचं तिकीट गेली काही वर्षं ८ डॉलरच्या आसपास आहे. फलकावरची आजची वेळ आणि परतीची वेळ, दोन्हींचे फोटो काढा. इंटरनेटवरची जुनी वेळापत्रकं वर्षानुवर्षं तशीच पडलेली असतात.

सावधान: याच परिसरातून ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या बोटीही सुटतात. ती ब्रिटनची हद्द आहे. पासपोर्ट, इमिग्रेशन, सगळं आलं. तिकीट घेताना "क्रूझ बे, सेंट जॉन" असं पूर्ण म्हणा आणि चढताना खलाशाला पुन्हा विचारा. तुमच्याकडे पासपोर्ट मागितला, तर तुम्ही चुकीच्या रांगेत आहात. सेंट जॉन हे त्याच प्रदेशातलं बेट आहे, तिथे जाताना पासपोर्ट तपासत नाहीत.

माणसांच्या बोटीशिवाय गाड्या नेणारी बार्जही असते. तुमच्याकडे गाडी नाही, तिकडे बघू नका.

शार्लट अमाली शहरातूनही थेट क्रूझ बेला बोट असते किंवा असायची, असं जुन्या लेखांत वाचाल. ती पाऊण तासाची, फेऱ्या अगदी मोजक्या, आणि मध्ये बंदही पडलेली आहे. सकाळी जायला चालू असली तरी परतीला रेड हुकच धरून चाला.

बसायचं कुठे? वरचा डेक उघडा, दृश्य सुंदर, पण पिल्सबरी साउंडमध्ये, म्हणजे दोन बेटांमधल्या समुद्राच्या पट्ट्यात, वारा असला की शिंतोडे उडतात. मळमळणाऱ्यांनी खालच्या डेकवर, मधोमध, जरा मागे बसावं. चढायची फळी लाटेबरोबर हलते. ज्येष्ठांनी दोन्ही हात मोकळे ठेवून, खलाशाच्या हाताचा आधार घेऊन चढावं. संकोच नको, तो त्यासाठीच उभा असतो.

टप्पा ७: क्रूझ बे ते पुळण

क्रूझ बेला उतरल्यावर समोरच छोटी वाळू दिसते. ते बंदर आहे, पोहायची जागा नाही.

पुळणी उत्तर किनाऱ्यावर एकामागोमाग आहेत. गावापासून लांब जात जात: हनीमून, हॉक्सनेस्ट, ट्रंक बे, सिनॅमन बे, माहो बे. क्रूझच्या वेळेत माहोपर्यंत जाण्याचा मोह टाळा, जरी तिथे कासवं दिसत असली तरी. प्रत्येक पुढची खाडी म्हणजे परतीची टॅक्सी मिळायला आणखी वाट.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ट्रंक बे घ्यावी. गर्दी असते, हे खरं. पण स्वच्छतागृहं आहेत, शॉवर आहेत, टॅक्सी वाहनतळावरच उभ्या असतात, आणि पाण्याखाली फलक लावलेली सुमारे २२५ यार्डांची स्नॉर्केलिंगची वाट आहे. सोळा वर्षांवरच्यांना प्रवेशशुल्क पडतं. बरीच वर्षं ते ५ डॉलर आहे. टॅक्सी धक्क्याजवळच मिळते, इथेही माणशी भाडं.

चालायची हौस असेल तर हनीमून. क्रूझ बेतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या केंद्रामागून लिंड पॉइंटची पायवाट निघते, साधारण एक मैल. कागदावर सोपी. पण दगडधोंडे, चढउतार, डोक्यावर ऊन. चपला घालून जाणारे अर्ध्यातून परत फिरतात. पाऊण तास धरा, आणि परतीच्या पाऊण तासासकट गणित पुन्हा मांडा.

बसने जाऊ म्हणाल तर जाता येत नाही. सरकारी बस बेटाच्या मधल्या रस्त्याने पलीकडच्या कोरल बेला जाते. उत्तरेच्या पुळणींना ती शिवतसुद्धा नाही.

तपासणी: टॅक्सीतून उतरताना चालकाला विचारा, "दोनच्या बोटीसाठी इथून किती वाजता निघावं?" तो सांगेल ती वेळ तुमच्या कागदापेक्षा आधीची असेल तर त्याचं ऐका. परतीचे पैसे मात्र आधी देऊ नका. पहिली मिळेल त्या टॅक्सीत बसायची मोकळीक ठेवा.

टप्पा ८: पाण्यात

थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात उत्तरेकडून लाटा येतात. एरवी तळ्यासारखं दिसणारं पाणी अशा दिवशी ओढतं. बावटा लाल असेल तर वाळूवर बसून घ्या. स्नॉर्केलिंगचं सामान भाड्याने घेतलंत तर परत देण्याची वेळ विचारा. प्रवाळावर पाय देऊ नका, शंख-शिंपले-प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका. हे राष्ट्रीय उद्यान आहे, इथून काहीही न्यायला मनाई आहे. ड्रोन उडवायलाही.

आणि एक झाड. मॅन्चिनील. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, पुळणीच्या कडेला. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात, पावसात या झाडाखाली उभं राहणंसुद्धा वाईट. कैरी चाखून बघायची आपली सवय इथे अंगाशी येईल. मुलांना आधीच सांगा: झाडाखाली पडलेलं काहीही उचलायचं नाही.

टप्पा ९: परत

कागदावरची वेळ झाली की उठा. ऊन छान पडलंय, पाणी आत्ता कुठे निवळलंय, हे दर वेळी त्याच क्षणी होतं.

कोरडे कपडे चढवा. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत टॅक्सीत बसणं चालकांना आवडत नाही, आणि गावातून तसं फिरणं इथे असभ्य मानतात.

ट्रंक बेच्या वाहनतळावर दुपारी एकदम गर्दी होते, कारण सगळ्या जहाजांच्या सहलीही याच सुमाराला उठतात. म्हणून १:१०, १:३० नाही. क्रूझ बेच्या धक्क्यावर आधी रांगेत जागा धरा, मग आइस्क्रीम. उलट करू नका.

रेड हुकला उतरल्या उतरल्या सरळ टॅक्सीकडे. चालकाला जहाजाचं नाव आणि धक्क्याचं नाव, दोन्ही सांगा. दुपारी शाळा सुटल्या की रस्ता तुंबतो; टप्पा ३ मधला तो 'चैनीचा' तास इथे खर्ची पडतो. उरलाच तर हॅवनसाइटच्या दुकानांत घालवा, जहाज डोळ्यांसमोर असताना.

उशीर होतोय असं दिसलं तर

रात्रीच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो सकाळीच काढून ठेवा. उशीर नक्की दिसला की लगेच फोन करा, धक्क्यावर पोचेपर्यंत थांबू नका. जहाज थांबेल असं नाही, पण तुम्ही कुठे आहात हे त्यांना कळतं. जहाज सुटलंच तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा, आणि पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथला व्हिसा हाही तुमचाच प्रश्न. भारतीय पासपोर्टवर हा प्रश्न अमेरिकी पासपोर्टपेक्षा बराच अवघड असतो. मी एक तास राखून ठेवतो तो मुख्यतः याच कारणासाठी.

दुसऱ्या बंदरांवर

रीत तीच, आकडे वेगळे.

कोझुमेलहून प्लाया देल कार्मेनला मोठी बोट जाते, पाऊण तासाच्या आसपास. ती सुटते गावातल्या धक्क्यावरून, आणि क्रूझच्या धक्क्यांपैकी दोन गावापासून काही किलोमीटर दक्षिणेला आहेत. केवळ पुळणीसाठी हा खटाटोप मी करणार नाही. कोझुमेलला स्वतःच्या पुळणी आहेत. तिथलं घड्याळही उलटं फसवतं. त्या राज्यात २०१५ पासून वेळ बदलत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते फ्लोरिडाच्या एक तास मागे असतं. जहाज फ्लोरिडाची वेळ पाळत असेल आणि फोनने स्थानिक वेळ धरली असेल, तर तुम्ही तासभर उशिरा पोचाल.

नासाऊहून पॅरडाइझ आयलंडला छोट्या बोटी जातात. त्यांना वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. सकाळी पटकन भरतात, दुपारी रेंगाळतात. पण मध्ये पूल आहे, त्यामुळे शेवटी टॅक्सी आहेच.

सेंट मार्टिनला फिलिप्सबर्गच्या क्रूझ धक्क्यावरून गावातल्या पुळणीवर पाणटॅक्सी जाते. आजी-आजोबांना घेऊन पहिल्यांदा स्थानिक बोटीचा सराव करायचा असेल तर मी हेच बंदर सुचवेन. बोट चुकली तरी वीसेक मिनिटांत पायी जहाजापाशी येता येतं.